न विचारता घेतलेला घास

त्या घरात सकाळ थेट येत नसे. पूर्वेला चुलत घराच्या गोठ्याची भिंत होती. त्यामुळे सूर्य वर आला तरी अंगणात बराच वेळ नुसता राखेच्या रंगाचा उजेड साचून राही. मग गोठ्याच्या पत्र्याची कड पिवळी होई. तिथून तो उजेड तुराट्यांच्या कुडाच्या फटींतून एकेक रेघ आत सोडी, आणि त्या रेघा ओसरीच्या सारवलेल्या भुईवरून इतक्या सावकाश सरकत, की हलताना त्या कधी कुणाला दिसल्या नाहीत, हललेल्या मात्र दिसल्या. आधी रांजणाचा ओला खांदा उजळे. मग मांडणीतल्या तांब्यांच्या कडा, मग खुंटीवरची आबांची टोपी, आणि सर्वांत शेवटी भिंतीवरचे मिशनचे जुने कॅलेंडर, ज्यावरचा मेंढपाळ इतकी वर्षे उन्हात राहून आपल्या मेंढरांएवढाच फिकट झाला होता. या उजेडात विशेष असे काहीच नव्हते. तो बेंबळी गावाच्या सगळ्याच घरांत असाच येत असणार. तरी रणधीरला आज वाटले, की हा असाच सरकत राहावा, आणि उपासनेची वेळ होऊ नये.

तो उंबऱ्यात बसला होता. समोर अंगणातल्या चुलीवर मनुका उकळत होत्या. महिन्याचा पहिला रविवार हा प्रभुभोजनाचा. द्राक्षारस म्हणून बेंबळीच्या ख्रिस्ती मंडळीत मनुकांचे हेच पाणी प्याल्यात येई, आणि भाकर म्हणून ज्याची पाळी असेल त्या घरची ज्वारीची भाकरी. या वेळी पाळी त्यांच्याच घराची होती. रणधीरच्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडे होते आणि त्याच्यावर, पालथा घातलेला, शास्त्रशाळेतून आणलेला एक जाड टीकाग्रंथ. आठवडाभर तो त्यांत एकच गोष्ट शोधत होता: असे एखादे वाक्य, जे वाचून दाखवले की पुढे त्याला स्वतःला काही बोलावे लागणार नाही.

मंगळवारी महारुद्रतात्यांच्या घरी लक्ष्मीआईची कंदुरी झाली होती. सुगी उरकली की बांधावरच्या शेंदरी दगडासमोर बकरे कापायचे, नैवेद्य दाखवायचा आणि भावकीला जेवू घालायचे, हा त्या घराचा शिरस्ता. आबा, म्हणजे रणधीरचे आजोबा बिभीषण, तरुणपणी मिशनच्या दवाखान्यातून बरे होऊन परतले ते बाप्तिस्मा घेऊनच. धाकटा भाऊ महारुद्र होता तिथेच राहिला. नावे बदलली नाहीत, शेताची वाटणी झाली नाही. दोघांच्या मध्ये एक भिंत तेवढी आली. आणि त्या भिंतीला वळसा घालून दर कंदुरीला महारुद्रांची बायको सिताबाई फडक्याने झाकलेले एक ताट घेऊन थोरल्या दिराच्या ओसरीवर येई. ताट ठेवी, पाण्यापावसाचे बोले आणि जाई. ताटात काय आहे हे ती सांगत नसे, आणि आबा विचारत नसत. करिंथच्या मंडळीला धाडलेल्या पत्रात प्रेषित पौलाने लिहिले होते, की कुणी जेवायला बोलावले तर पुढ्यात येईल ते खावे, मनाच्या शंकेसाठी चौकशी करत बसू नये. आबांनी ते वाक्य आपल्या नव्या विश्वासाच्या पहिल्या दिवसांत वाचले होते, आणि त्या एका वाक्यावर दोन घरांमधली सगळी माया तोलून धरली होती.

या मंगळवारी ओसरीवर आबा आणि रणधीरबरोबर शिवप्रसाद बसला होता. मंडळीचा पंच, धंद्याने गवंडी, वयाने रणधीरच्या वडिलांएवढा. सिताबाईने ताट ठेवले, आणि ती पावसाचे बोलणार तोच रणधीरने विचारले, "आजी, हे कंदुरीचं का?"

"व्हय बाबा," ती सहज म्हणाली, "लक्ष्मीआईचं हाय."

त्याच पत्रात पुढचे वाक्य आहे: पण हे नैवेद्याचे आहे असे कुणी सांगितले, तर मात्र खाऊ नका. ओसरीवर बसलेल्या तिघा पुरुषांना ते पाठ होते. आबांनी फडके बाजूला केले, भाकरी मोडली आणि घास घेतला. शिवप्रसाद पाणीसुद्धा न पिता उठून गेला, आणि शुक्रवारी पंचांचा निरोप घेऊन आला. आबांनी मंडळीसमोर पश्चात्ताप करावा. नाही तर पाळकांनी रविवारी त्यांच्यासमोरून प्रभुभोजनाची थाळी न देता तशीच पुढे न्यावी. पाळक रणधीरच होता. नाताळाच्या तोंडावर त्याच्या हाती मंडळी सोपवली गेली होती, तीही आबांच्या शब्दावरून.

"शास्त्र सांगेल तसं करू," तो म्हणाला होता.

"मनुका करपायल्यात की रे."

फाटकातून वडिलांचा आवाज आला. बालाजी धाराशिवहून पहिल्या एसटीने आला होता. कचेरीतला माणूस, रविवारीही खिशाला पेन. त्याने पिशवी ठेवली, चिंधीने पातेले उतरवले आणि हातावर फुंकर घालत मुलाकडे पाहिले.

"काय ठरलं?"

"अजून काही नाही, बाबा."

"म्हंजे ठरलंय." बालाजी चुलीशी उकिडवा बसला. "हे बघ, तू लहान हायस. मंडळी फुटली की परत जुळत न्हाय. आन् भावकी फुटली तर आबा जगायचे न्हाईत. दोन्ही राखायचं, तर वाट हाय. म्या रस्त्यानं इचार करतच आलो. काकीला बोलावलंय."

सिताबाई आली ती महारुद्रतात्यांच्या मागोमाग. एरवी ती सरळ ओसरीवर चढे, मांडणीतून स्वतःच्या हाताने भांडे घेई. आज खालच्या पायरीवर बसली आणि पदर गुडघ्याखाली ओढून घेतला. तिने अंतर धरले आहे हे रणधीरला कळले, आणि कळूनही त्याला तिला वर बोलावता आले नाही. बोलायच्या वेळी त्याची जीभ नेहमीच टाळूला चिकटे. उपासनेतही वाचून दाखवताना तो धीट असे, नजर वर उचलताना नसे.

तात्या मात्र बसलेच नाहीत. "दादा," ते आत तोंड करून गरजले, "तुमच्या देवाचा काय हुकूम सुटलाय म्हनं आमच्या ताटावर?"

आबा आतून आले. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. आवाज नेहमीचाच होता. "बस रुद्रा. च्या घे."

"घेतो की. तुमच्या घरच्या च्याची आमी कधी चौकशी केली न्हाय. आमच्याच ताटाची चौकशी. आन् ती कुनी करावी? ह्यानं!" त्यांनी रणधीरकडे हात केला. "माझ्या खांद्यावर बसून धाराशिवचा बाजार बगितलेलं पोरगं. इचारतंय, आजी, कंदुरीचं का? आरं, सुकट व्हती का मग ती?"

सिताबाईला एकदम हसू फुटले, आणि तिने ते पदरात दाबले. आबाही हसले. त्या हसण्याने ओसरी क्षणभर पूर्वीची झाली, आणि बालाजीने तोच क्षण साधला.

"तात्या, आता गोष्ट मिटवायची हाय का वाढवायची? काकी, तुमी फक्त एक सांगा. आबांचा वाटा नैवेद्य दावायच्या आधी काढून ठिवला व्हता ना?"

 गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"काढला व्हता म्हनते की," सिताबाई म्हणाली.

"म्हनते न्हाय, काकी. काढला व्हता का?"

"आरं बाबा, तेवढ्यानं भावजींचं त्यांच्या लोकांत बसनं-उठनं टिकत असंल तर काढला व्हता. चुलीम्होरं मीच व्हते. दुसरं कोन बगायला आलतं?"

रणधीरने मान वर केली. वाट खरोखरच होती. मांस नैवेद्याचे नसेल, तर पौलाच्या दोन्ही वाक्यांमधला तिढाच उरत नव्हता. कुणाला काही ठरवायचे नव्हते. त्याच्या छातीवरचे काहीतरी हलके झाले, आणि त्या हलकेपणाची त्याला लाज वाटली. तरी त्याने मांडीवरचा टीकाग्रंथ मिटला.

"न्हाय," तात्या म्हणाले. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्या घरात लक्ष्मीआईच्या आधी कुनाला वाढत न्हाईत. बाप भुकेला बसला तरी वाढलं न्हाय, आन् भावाला वाढीन? हिला खोटं बोलायला लावायचं, माझी आई उपाशी ठिवली म्हनायचं, आन् कशापायी, तर ह्यांचं मेज सोवळं ऱ्हावं म्हनून? बालाजी, तुझं कचेरीतलं डोकं कचेरीतच ठीव."

"तात्या, मी भल्यासाठी..."

"सगळ्यांचं भल्यासाठीच चाललंय."

"रुद्रा बरूबर बोलतोय," आबा म्हणाले. भिंतीला टेकून ते हळूहळू खाली बसले. "सिताबाई, न्हाय म्हना. येशूच्या मेजावर बसायला मला तुमच्या तोंडचं खोटं लागत असंल, तर मी भाईरच बरा."

बालाजीने पेन खिशातून काढले आणि पुन्हा खोचले. सकाळी आला तेव्हा तो सर्वांच्या बाजूचा होता. आता तो कुणाच्याच बाजूचा उरला नव्हता.

शिवप्रसाद आला तेव्हा उन्हाच्या रेघा भुईवरून उठून भिंतीला लागल्या होत्या. "सलाम, आबा," तो म्हणाला. शास्त्र छातीशी धरलेले, धुतलेला सदरा, नखांच्या कडांना कितीही घासले तरी न जाणारी सिमेंटची राख. तात्यांना पाहून तो थबकला, मग त्यांनाही त्याने हात जोडले.

"ये," आबा म्हणाले. "सगळे हायेत. जे मंडळीम्होरं बोलनार ते इथं बोल."

"आबा, मला बोलता येत न्हाय. तुमीच शिकवलं तेवढं वाचता येतं." तो ओसरीच्या कडेला टेकला. "यरुशलेमेत प्रेषित जमले, तवा परराष्ट्रीयांवर, यहुदी नसलेल्यांवर, त्यांनी वझं टाकलं न्हाय. मोजक्या गोष्टी सांगितल्या. त्यात पयली हीच, मूर्तीच्या नैवेद्यापासून लांब ऱ्हा. शेवटल्या पुस्तकात मंडळ्यांना लिवलंय, तिथंबी ह्याच्यावरून दटावलंय. पौल म्हनतो, प्रभूच्या आन् मूर्तीच्या, दोन मेजांवर बसता येत न्हाय. मी काय माझं सांगत न्हाय. लिवलंय तेच."

"तोच पौल असंही म्हणतो, शिवप्रसादभाऊ," रणधीर म्हणाला, "की मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही. अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही जात नाही."

"व्हय. आन् फुडं म्हनतो, ज्याला हे ग्यान न्हाय त्याचं मन इटाळतं. ग्यानवाल्याच्या खान्यानं दुबळा भाऊ बुडतो. पाळकसाहेब, त्यो दुबळा भाऊ मी हाय." शिवप्रसादने हे सांगताना मान खाली घातली नाही. "तुमाला ठावं न्हाय, तुमी तवा शिकायला व्हता. मी कंदुरीचं बकरं कापनारा गडी. कापायचं, प्यायचं, आन् घरी जाऊन बायकोला मारायचं. तीनीचा एकच वास हाय माझ्या नाकात. आबांनी मला त्या वासातनं वढून काढलं. ज्या वर्षी मी सुरी धरायला न्हाय म्हनलो, त्या वर्षी भावानं माझं पांघरून उचलून रस्त्यावर फेकलं. माझ्या घरनं मला कुनी ताट धाडत न्हाय, पाळकसाहेब. झाकूनबी न्हाय आन् उघडंबी न्हाय." त्याने छातीशी धरलेले शास्त्र मांडीवर ठेवले. "आन् ज्यांनी मला सांगितलं की हे सोड, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत घास घेतला. मग माझं गेलेलं कशापायी गेलं? तेवढंच मला कळंना झालंय."

तात्या, जे उभ्यानेच त्याला टोकायला सरसावले होते, ते भिंतीशी खाली बसले. सिताबाईने पायरीवरूनच विचारले, "जेवलायस का सकाळी?"

"प्रभुभोजनाच्या आधी खात न्हाय मी, काकी."

आबांनी आपल्या हातांकडे पाहिले. "शिवा, तुजं खरं हाय," ते म्हणाले. "आता माजं ऐक. मग ह्या पोराला काय ते ठरवू दे. पौल म्हनतो, सवाल तुझ्या मनाचा न्हाय, दुसऱ्याच्या मनाचा हाय. म्या इतकी वर्सं तेच धरून चाललो. पर मंगळवारी त्यो दुसरा कोन, तेच मला समजंना. एका अंगाला तू बसला व्हतास. दुसऱ्या अंगाला ही उभी व्हती. दोगंबी माझ्या हाताकडं बगत व्हता. घास खाली ठिवला असता तर हिच्या इतक्या वर्सांच्या हाताला म्या इटाळ म्हनल्यावानी झालं असतं. आन् इटाळ म्हनजे काय, ते आपल्या बापजाद्यांनी लई सोसलंय. वर उचलला तर तुझं काळीज मोडनार, हेबी दिसत व्हतं. त्या वक्ताला मला कुनी सांगितलं न्हाय. वचनं सगळी याद व्हती, पर एकबी बोललं न्हाय. मग म्या खाल्लं."

"मग चुकलो असं म्हना, आबा," बालाजी घाईने म्हणाला. "एवढं मंडळीत म्हनलं की मिटलं."

"चुकलोबी असंन. खरंच मला ठावं न्हाय." आबांनी नातवाकडे पाहिले. "रणधीर, तू पाळक हायस. तू म्हन, पश्चात्ताप करा. मी उठून करतो. तू म्हन, करू नका. न्हाय करत. पर तू म्हन."

रणधीरने मांडीवरचे पुस्तक सरळ केले.  "आबा, यात मी काय म्हणणार?" तो म्हणाला. "मी कोण? आम्हाला शिकवलंय, की शास्त्रच शास्त्राचा अर्थ लावतं. एका उताऱ्यावर दुसऱ्या उताऱ्याचा उजेड पडतो. माझं मत मधे आणलं तर तो अधिकार माझा होईल, शास्त्राचा राहणार नाही. पंचांचं म्हणणं वचनाला धरून आहे. निदान... त्याच्या विरुद्ध जायला मला आधार सापडत नाही. हे मी म्हणत नाही. शास्त्र म्हणतं."

"शास्त्र म्हनतं," आबा पुटपुटले. ते रागावले असते तर बरे झाले असते. "लेकरा, मीबी जन्मभर त्याच्याच शब्दावर चाललो. त्याच्याहून मोठा अधिकार मला न्हाय. पर तोंड तर तुझंच हलतंय. मग थाळीबी शास्त्रालाच वाढू दे की. तू कशापायी हात भरवून घेतोस?"

तात्यांना हसू आले नाही. कुणालाच आले नाही. आबा उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि काठी शोधत म्हणाले, "चला. वेळ झाली."

बेंबळीचे उपासनामंदिर म्हणजे पत्र्याची एक लांब खोली होती. पुढे टेबल, टेबलावर पांढरा कपडा, खाली सतरंज्या. लोक आले, डाव्या अंगाला बायका, उजव्या अंगाला पुरुष. आबा नेहमी पहिल्या रांगेत बसत. आज ते दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसले. बालाजी त्यांच्या शेजारी बसावे की पुढे, या विचारात मध्येच कुठेतरी बसला. सिताबाई आणि तात्या परत जातील असे रणधीरला वाटले होते. पण तात्या बाहेर लिंबाच्या पारावर टेकले, आणि सिताबाई खिडकीशी उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या खिडकीशी कधी आली नव्हती.

ढोलकीवर भजन झाले. शास्त्रपाठ बालाजीने वाचला. उपदेशात रणधीर काय बोलला ते त्याला नंतर आठवले नाही. टिपण समोर होते, त्याने ते वाचले. मग त्याने भाकरीच्या थाळीवरचा पांढरा कपडा बाजूला केला. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्रीची गोष्ट त्याने सांगितली, भाकरी उचलली आणि मोडली. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे सुबक पडत नाहीत. पिठाची भुकटी त्याच्या बोटांना लागली.

मंडळीची रीत अशी होती, की प्रत्येकाने आपला तुकडा ओंजळीत धरून ठेवायचा, आणि सगळ्यांना मिळाल्यावर एकदम खायचा. थाळी घेऊन तो रांगांमधून निघाला. ओंजळी पुढे येत होत्या: भेगाळलेल्या, मेंदीच्या, एक बोट नसलेली. शिवप्रसादच्या ओंजळीत त्याने तुकडा ठेवला तेव्हा शिवप्रसादने डोळे मिटून घेतले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला त्याला फार थोडी पावले लागली. ती त्याने शक्य तितकी सावकाश टाकली.

आबांनी हात पुढे केले नव्हते. मागेही घेतले नव्हते. ते मांडीवर उताणे पडले होते, ठेवायचे तर ठेव आणि न्यायचे तर ने अशा बेताने. आणि चेहरा वर, नातवाकडे होता. त्यात विनवणी नव्हती, आव्हान नव्हते. ते वाट पाहत होते, एवढेच.

रणधीर थांबला. त्याने मनात वचन शोधले, जसे आठवडाभर शोधले होते. दोन मेजांचे वचन आले. दुबळ्या भावाचे आले. मग रोमच्या मंडळीला लिहिलेले आले, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण म्हणून विचारणारे. मग पुन्हा पहिले. ती एकामागून एक येत होती, प्रत्येक पुरते खरे, प्रत्येक आपल्या जागी अढळ. आणि त्यांतले एकही त्याचा हात धरत नव्हते. मागे कुणीतरी खोकले. खिडकीत सिताबाई पाठ करून उभी होती. काय होते ते तिला पाहायचे नसावे.

त्याचा हात थाळीतून उठला. भाकरीचा तुकडा आबांच्या तळव्यावर ठेवताना त्याची बोटे त्यांना लागली; तळवा ताप आल्यासारखा गरम होता. आबांनी मूठ मिटली. 

रणधीरने थाळी टेबलावर परत आणून ठेवली आणि पाहिले, की शिवप्रसाद उभा राहिला आहे. तो रांगेतून वाट काढत पुढे आला. त्याच्या चालण्यात राग नव्हता; मयताच्या घरात माणसे चालतात तसा तो चालत होता. टेबलाशी येऊन त्याने आपल्या ओंजळीतला तुकडा थाळीत परत ठेवला. सगळी मंडळी बघत होती. तरी तो इतक्या हळू बोलला की फक्त रणधीरला ऐकू यावे.

"पाळकसाहेब, आबांना ही कुन्या वचनानं दिली? मला तेवढं सांगा. पाठ न्हाय माझं सगळं. तुमी वचन सांगितलं तर मी ही परत उचलतो. इथंच खातो. सांगा."

त्याचे डोळे भरले होते. तो खरोखरच मागत होता. एक अध्याय, एक ओवी, एवढ्यावर हा माणूस आपल्या जागी परत जाऊन बसला असता, आणि रणधीरला ते वचन येत होते, दुसऱ्याच्या चाकराचे. ओठांशी आले होते. अंक सांगायचा आणि बोट पुस्तकाकडे करायचे, आठवडाभर त्याला हवे होते ते एवढेच. पण त्या वचनाच्या शेजारी शिवप्रसादचे वचन तितकेच खरे उभे होते, आणि दोन्ही पौलाच्या एकाच हाताने लिहिलेली होती.

आबांच्या हातात भाकरी कुठल्याच वचनाने ठेवली नव्हती. ती रणधीरने ठेवली होती.